बारा विधानांची थोरली

"आम्हाला दोन मुली," असं तिचा नवरा घरी आलेल्यांना सांगायचा. आलेले पाळण्यात डोकावायचे, मग दुसरी कुठे म्हणून दाराकडे, बाल्कनीकडे बघायला लागायचे. तेवढ्यात हा हसून खुलासा करायचा, "थोरली हिच्या ऑफिसात असते. बारा विधानांची आहे. खात नाही, पीत नाही, सर्दी होत नाही. पण आईची झोप धाकटीपेक्षा जास्त खाते."

थट्टाच होती ती, पण अगदीच खोटी नव्हती. धाकटी आठ महिन्यांची, गुबगुबीत, मिळेल ते तोंडात घालणारी. थोरली तिच्या आधीची, आणि तिच्यासाठी आईने काही कमी कळा सोसल्या नव्हत्या.

ती ज्या संस्थेत कामाला होती ती बाजाराच्या रस्त्यावर, एका चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर होती. लोक काय मानतात आणि प्रत्यक्षात कसे वागतात हे विचारून, मोजून, मांडून द्यायचं, हा त्या संस्थेचा धंदा. तिथे तिला सगळे फूटपट्टी म्हणायचे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने चहा करायला घेतला आणि प्रत्येकाला विचारलं, "तुम्हाला एक ते पाचमध्ये किती कडक?" त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

या फूटपट्टीने जे मोजायला घेतलं होतं, ते होतं शेजारपण. एका वस्तीतली माणसं एकमेकांना किती धरून आहेत, हे. आता हे विचारायचं कसं? "तुमचं शेजाऱ्यांशी पटतं का?" असं सरळ विचारलं, तर सगळे म्हणतात, "हो हो, फार चांगले आहेत." ज्यांनी जिन्यातल्या दिव्यावरून दोन वर्षं अबोला धरलाय तेही हेच म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण भात सगळीकडे सारखा शिजतो. माणूस तसा शिजत नाही. एकीकडून मऊ लागतो, दुसरीकडे कच्चा असतो. म्हणून एका प्रश्नावर विसंबायचं नाही, चारी बाजूंनी शितं काढायची आणि मग सगळी मिळून एक आकडा करायचा. घराची किल्ली शेजारी ठेवता का? त्यांच्या मुलाला कधी जेवायला घातलंय का? आजारी असताना कुणाचं दार वाजवलंत? अशी अर्धी विधानं वागण्याबद्दलची, अर्धी मानण्याबद्दलची. कारण बोलणं वेगळं आणि वागणं वेगळं, हे काही तिला कुणी शिकवायला नको होतं.

बारातली चार विधानं तिने मुद्दाम उलटी घातली होती. "ज्याचं त्याने निस्तरावं, शेजाऱ्यांना त्रास देऊ नये." "आपल्या घरातल्या अडचणी बाहेर कळू देऊ नयेत." "मदत मागणं कमीपणाचं वाटतं." "शेजाऱ्यांशी जेवढ्यास तेवढं असावं." असं का? तर काही माणसं जात्याच होयबा असतात. काहीही विचारा, मान डोलावतात. सगळी विधानं एकाच दिशेची असली की असा होयबा जगातला सर्वांत मोठा शेजारी ठरतो. मध्येच उलटं विधान आलं आणि त्यालाही त्याने मान डोलावली, की पितळ उघडं पडतं. मात्र या चारांची उत्तरं बेरजेला घेण्याआधी उलटी करून घ्यायची असतात. पाचाचा एक, चाराचा दोन. नाहीतर बेरीज म्हणजे नुसता गोंधळ.

पोटात धाकटी असताना ती धोब्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकड्यावर, जिन्याच्या पायरीवर बसून लोकांना ही विधानं वाचून दाखवत हिंडली होती. चाळीसएक विधानांतून चाळून चाळून बारा राहिली. कुणी एखाद्या शब्दाला अडखळलं की शब्द बदलायचा, कुणी हसलं की विधानच काढायचं. मग ती रजेवर गेली. परत आली तेव्हा खोलीत पेट्या रचून ठेवलेल्या होत्या. तीन वस्त्यांतून लोकांनी भरून दिलेली उत्तरं. "तुझी थोरली शाळेत जाऊन आली," नवरा म्हणाला, "आता निकाल बघ."

निकाल भलताच लागला.

आठ विधानं एकमेकांचा हात धरून चालत होती. किल्ली शेजारी ठेवणारा मुलालाही जेवायला घालत होता, आजारी पडला तर दारही वाजवत होता. आणि उलटी चार तिसऱ्याच वाटेने निघाली होती. बारा जणींना एका सुरात गायला उभं करावं आणि चौघींनी दुसरंच गाणं सुरू करावं, तसं. विधानं एकमेकांना किती धरून आहेत याचाही एक आकडा असतो. तो इतका खाली आला होता, की मॅडमनी चष्मा काढून पुन्हा लावला.

मॅडम म्हणजे संस्थेच्या प्रमुख. मनाने वाईट नव्हत्या, पण घाईत असायच्या. "चार काढून टाक," त्या म्हणाल्या. "आठ तर छान जमतायत."

"आठच्या आठ सरळ आहेत, मॅडम. मग होयबांचं काय करायचं?"

"होयबा सगळीकडेच असतात. एका मोठ्या संस्थेची आयती मोजपट्टी आहे, तिच्यातही असतील. हे बघ, गुरुवारी बैठक आहे. पुढची पाहणी शहरभर जायची आहे, एकदा गेली की वर्षानुवर्षं तीच चालणार. तुझी बारा जमली तर तुझी पाठवू. नाही जमली तर आयती घेऊ. त्यात कमीपणा काही नाही गं. तुला लहान मूल आहे, तुझ्यावरचं ओझंही हलकं होईल."

ओझं हलकं होईल म्हणे. कुणी म्हणावं, तुमची थोरली जरा अभ्यासात कच्ची आहे, तिच्याऐवजी शेजारची हुशार मुलगी घेऊन जा, तसं तिला वाटलं. पण ती "बरं" म्हणाली. तिला पटकन "बरं" म्हणायची सवयच होती.

जागेवर येऊन तिने पहिल्यांदा तेच तपासलं जे कुणीही तपासेल: उलटी विधानं उलटवायची राहिली तर नाहीत? राहिली नव्हती. कॉम्प्युटरला दिलेल्या, उलटवायच्या चारही ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या, जागच्या जागी होत्या, बिनचूक चालल्याही होत्या. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. तिचं काम चोख होतं.

शेजारच्या टेबलावर ताई बसायच्या. ताई पन्नाशीच्या पुढच्या, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा, बोलणं औषधाच्या थेंबांसारखं मोजून. कागदांवरून उतरवलेल्या आकड्यांची सगळी साठवण त्यांच्या ताब्यात. ताई हसल्या तर तारीख लिहून ठेवायची, असं ऑफिसात म्हणत. फूटपट्टी परत आली ती अर्ध्या दिवसाच्या बोलीवर, दोन वाजता निघायची. ती पर्स उचलायची तेव्हा ताई न चुकता आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या, मग तिच्याकडे, मग पुन्हा आपल्या कामाकडे. त्या नजरेतली नाराजी तिने मनाशी मोजून ठेवली होती. पाचात चार. साडेचार म्हणायलाही हरकत नव्हती. त्यामुळे काही अडलं तरी ताईंना विचारायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. अर्धा दिवस काम करायचं आणि वर दुसऱ्याचा वेळ खायचा?

तिने विचारलं नाही. त्याऐवजी ती विचार करत बसली आणि मंगळवारी तिला एक कारण सापडलं.

कारण इतकं सुंदर होतं की तिचं तिलाच भरून आलं. उलटी विधानं बिघडलेली नाहीतच, तिला वाटलं. ती खरं बोलतायत. जी माणसं सगळ्यांना मदत करतात, किल्ल्या सांभाळतात, पोरांना जेवू घालतात, त्यांनाच स्वतःसाठी मागायला लाज वाटते. देणाऱ्याचा हात सवयीने पालथा झालेला असतो, तो उताणा होत नाही. म्हणून त्यांनी लिहिलं, मदत मागणं कमीपणाचं वाटतं, पूर्ण पटतं. तिने या कारणावर एक परिच्छेद लिहूनही काढला. वाचताना वाटलं, ही तर घरचीच गोष्ट. तिच्या आईचं असंच होतं. आणि तिचं स्वतःचं?

तिचं स्वतःचं असं, की धाकटी झाल्यापासून सासूबाई त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या आणि इतक्या महिन्यांत तिने त्यांना एक काम सांगितलेलं नव्हतं. सासूबाई बिनबोलावता करायच्या. बाळ रडलं की उचलायच्या, भांड्यांचा ढीग दिसला की बाह्या सरसावायच्या. आणि ही धावत जाऊन म्हणायची, "राहू द्या आई, मी करते." हातातलं काम काढून घ्यायची. सासूबाईंनी कधी बोलून दाखवलं नाही, पण हात रिकामा झाला की त्या तो पदराला उगीचच पुसायच्या.

कारण सुंदर होतं, पण त्याने थोरली वाचत नव्हती. तसं खरं असेल तर बारा विधानं मिळून एक आकडा होणारच नव्हता. चार काढा, नाहीतर सगळंच सोडा. बुधवारी दुपारी तिने जड मनाने आठ विधानांचा तक्ता तयार केला आणि पर्स उचलली. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं.

घरी आली तेव्हा सासूबाई बटाटे-वाटाण्याचा रस्सा करत होत्या आणि धाकटी पलंगावर बसून एका लाकडी चमच्याशी झुंजत होती. हिरड्या शिवशिवत होत्या तिच्या, दोन दिवसांपासून किरकिर चालू होती. "राहू द्या आई, मी बघते," म्हणत तिने सवयीप्रमाणे डाव हातात घेतला. सासूबाई पदराला हात पुसत बाळाकडे गेल्या. जरा वेळाने बाळ कळवळून रडलं तशी ती पळाली. सासूबाई उठून ओट्याशी आल्या. असं ये-जा, ये-जा करत रस्सा झाला.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि घास तोंडात ठेवून दोघींकडे आळीपाळीने बघितलं.

"काय रे?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही. समुद्रावर जाऊन आल्यासारखं वाटलं."

सासूबाईंनी चाखलं. "अगं बाई! हिने घातलं होतं की काय मीठ?"

"मी घातलं होतं आई. आल्या आल्याच."

"आणि मी तू बाळाकडे गेलीस तेव्हा. म्हटलं, धावपळीत हिचं राहिलं असेल, आपण टाकावं. तुझी मदत म्हणून टाकलं गं."

"वा!" नवरा म्हणाला, "चूक कुणाचीच नाही, चांगुलपणा तेवढा जास्त झालाय. पाणी घाला."

सासूबाई हसत पातेल्याकडे वळल्या. पण ती हातातला घास तसाच धरून बसली. दोघींनी मीठ घातलं. दोघींनी बरोबर प्रमाणात घातलं. तिचं काम चोख, त्यांचंही चोख. आणि रस्सा खारट.

एकदा उलटवलेलं कुणी पुन्हा उलटवलं तर?

पाचाचा एक. आणि एकाचा पुन्हा पाच.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"माझी थोरली," ती म्हणाली, "बहुतेक खारट झालीये." मग तिने सांगितलं. तिच्या ओळी बरोबर होत्या, पण त्या ओळींच्या हाती आलेली उत्तरं कच्ची होती कशावरून? तिच्याआधी ती कुणी उलटवून ठेवलेली असली, तर तिने त्यांना उलटवलं नव्हतं, पुन्हा सरळ केलं होतं. चौघी वेगळं गाणं म्हणत नव्हत्या. त्यांना तिनेच पाठमोरं उभं केलं होतं.

"मग हे कोणाला माहीत असेल?" सासूबाईंनी विचारलं.

"ताईंना. साठवण त्यांच्याकडे असते."

"लाव की मग फोन."

"आता? संध्याकाळी? आई, मी दोन वाजता निघून येते आणि त्या सहापर्यंत बसतात. आधीच त्यांना माझा राग आहे. आता घरी गेल्यावरही त्यांना मी..."

"बैठक उद्या आहे ना?"

"उद्या सकाळी लवकर जाऊन मीच बघेन. पेट्या उघडेन, कागद ताडून बघेन."

"आणि बाळाची किरकिर, तुझी आंघोळ, दूध?" सासूबाईंनी तिच्या ताटात पाणी घातलेला रस्सा वाढला आणि समोर बसल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "एक सांगू? रागावू नकोस. तुला मागता येत नाही. मी आले त्याला किती महिने झाले? 'आई, हिला जरा घ्या' असं एकदा तरी तोंडाने म्हणालीस? मी आपली अंदाजाने करते. अंदाजाने केलं की कधी मीठ दोनदा पडतं, कधी पडतच नाही. आणि वर तू हातातून काढून घेतेस. मला वाटतं, हिला माझं केलेलं आवडत नाही."

"आई, तसं नाही हो! मला वाटतं, तुम्हाला त्रास..."

"त्रास नको असता तर माझ्या घरीच नसते का राहिले मी?"

नवरा ताटात बघत होता. धाकटी चमचा आपटत होती. "मदत मागणं कमीपणाचं वाटतं," हे विधान तिने धोब्याच्या दुकानात बसून लिहिलं होतं. त्यापुढे स्वतःसाठी खूण करायची वेळ मात्र तिच्यावर आली नव्हती. आली असती तर पाच. हात धुऊन तिने फोन घेतला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"ताई, मी बोलतेय. फूटपट्टी. तुम्हाला अवेळी त्रास देतेय..."

"बोल."

"चार उलटी विधानं आहेत ना माझी, त्यांची उत्तरं साठवणीत तुम्ही... म्हणजे कुणी उलटवून ठेवली होती का?"

"हो. मीच." ताई थांबल्या. "सोमवारी तू गेल्यावर. तू धावत निघालीस, चेहरा बघवत नव्हता. म्हटलं एवढं तरी करून ठेवू, पोरीला उद्या आल्यावर तयार मिळेल. का गं? चुकलं का काही?"

"नाही. अगदी बरोबर केलंत. पण मला कळलं नाही आणि मीही केली."

 पलीकडून एक चमत्कारिक आवाज आला. खोकला असावा असं तिला आधी वाटलं. ताई हसत होत्या.

"मग ती परत सरळ झाली की गं!"

"झाली. आणि मी दोन दिवस ती अशी का वागतायत त्याची कारणं शोधतेय. एक परिच्छेदही लिहिलाय ताई. पेटीतला एक कागद काढून ताडला असता तरी कळलं असतं. नवशिक्यालाही सुचलं असतं."

"नवशिक्याला सुचतं. आपल्यासारख्यांना कारण सुचतं." ताईंचा आवाज खाली आला. "चूक माझी. मी सांगायला हवं होतं. चिठ्ठी ठेवणार होते, मग वाटलं, उपकार केल्यासारखं दिसेल."

"आणि मी विचारायला हवं होतं. मला वाटायचं, तुम्ही रागावलात. मी निघते तेव्हा तुम्ही घड्याळाकडे बघता."

"अगं, तुझी दोन दहाची बस! मागे एकदा तुझी चुकली, तू कोपऱ्यावर उन्हात उभी होतीस ती मी खिडकीतून पाहिली. तेव्हापासून बघते, ही वेळेवर निघाली की नाही." जरा थांबून त्या म्हणाल्या, "सकाळी मी लवकर येते. तू तुझ्या वेळेला ये. घाई करू नकोस. आणि या खेपेला मी काही करून ठेवत नाही. आल्यावर दोघी मिळून करू."

साडेचारचा तिने मनातल्या मनात कितीचा आकडा केला, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दोघी एकाच टेबलाशी खुर्च्या ओढून बसल्या. ताईंनी पेटीतून कागदांचा एक गठ्ठा काढला, ती उत्तर वाचायची आणि ताई साठवणीशी ताडून "हं" म्हणायच्या. मूळ उत्तरं परत आणली, एकदाच उलटवली, बेरजा केल्या. बारा विधानांचा आकडा वर आला, जिथे यायला हवा होता त्याच्या आसपास.

"बघ, धरून आहेत एकमेकांना," ताई म्हणाल्या.

"बाराही नाहीत." तिने बोट ठेवलं. अकरा होती. उलटी चारही आत आली होती, शहाण्या मुलींसारखी. पण सरळ विधानांतलं एक, "न सांगता कुणी मदत केली तर मला आवडतं," कालपर्यंत आठांच्या गर्दीत जेमतेम उभं होतं, ते आता सगळ्यांपासून फटकून उभं होतं. कुणाला खूप आवडत होतं, कुणाला अजिबात नाही, आणि शेजारपणाशी त्याचा काही संबंध दिसत नव्हता. हे विधान तिचं फार लाडकं. पहिल्यांदा लिहिलं होतं ते हेच.

 ताई वाट बघत राहिल्या.

"हे काढते," ती म्हणाली. "हे चुकीने पडलं नाहीये. हे खरंच बसत नाही."

"हो. बसत नाही."

"आणि माझा तो परिच्छेदही. देणाऱ्याला मागायची लाज वाटते, असं लिहिलं होतं मी. इथे तर उलट निघालं. जे देतात ते मागतातही. सुंदर होतं हो ताई, वाईट वाटतंय."

"सुंदर होतं म्हणून खरं होतं असं नाही."

"एका बाईच्या बाबतीत खरं होतं."

ताईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "एका बाईचं पाहणीत मोजत नाहीत गं. घरात मोजतात."

बैठकीत मॅडमनी विचारलं, कालपर्यंतचे आकडे आज असे कसे बदलले. "चूक माझी," ताई म्हणाल्या. "नाही, माझी," ती म्हणाली. मॅडमनी दोघींकडे बघितलं.

"एक चूक, आणि दोघींना हवी?"

"दोघींनी मीठ घातलं, मॅडम," फूटपट्टी म्हणाली, आणि काय झालं ते सगळं सांगितलं. आठांचा तक्ताही दाखवला, अकरांचाही. मॅडमनी बराच वेळ आकडे बघितले. शेवटी म्हणाल्या, आयती मोजपट्टी सध्या राहू दे बाजूला, पण आणखी दोन वस्त्यांत ही अकरा विधानं लावून बघायची, तिथेही जमली तरच शहरभर. आणि साठवणीला जो हात लावेल त्याने दुसऱ्याला तोंडाने सांगायचं. "तोंडाने," त्या पुन्हा म्हणाल्या. म्हणजे थोरली पास झाली होती, पण पुढच्या इयत्तेत बसायची परवानगी अजून मिळायची होती. हे काही वाईट नव्हतं. सगळ्याच मुलींचं असं असतं.

दोन वाजत आले तशा ताई घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "ऊठ. बस येईल."

घरी नवरा आज लवकर आलेला होता. ओट्यावर पातेलं, पातेल्यावर झाकण, आणि झाकणावर चमचा पालथा घातलेला. ती डाव उचलणार तेवढ्यात सासूबाई आतून ओरडल्या, "चमचा बघ!"

"काय आहे चमच्याला?"

"मीठ पडलं की पालथा. नसेल पडलं तर उताणा. आजपासून. मी ठरवलंय."

"बरं," ती म्हणाली, आणि या खेपेचं "बरं" तिच्या मनापासून आलं. डाव तिने खाली ठेवला.

"थोरलीचं काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"एक दात पडला तिचा. अकरा राहिली. पण चालतेय."

"आणि धाकटीला एक आला!" सासूबाई बाळाला कडेवर घेऊन बाहेर आल्या. "सकाळी पाणी पाजत होते, वाटीवर टक् वाजलं. ये, बोट लावून बघ. चावेल हं."

तिने बोट लावलं. खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोकदार लागलं. आठ महिने या तोंडात नुसता मऊपणा होता. धाकटीने बोट गच्च पकडलं, चावून पाहिलं आणि आईला किती दुखतंय याची फारशी पर्वा न करता हसली.

मग तिने बाळाला घेतलं, खेळवलं, आणि सासूबाई भांडी घासायला गेल्या. थोड्या वेळाने तिला जाणवलं की आपल्या कपड्यांना अजून बाहेरची धूळ आहे, केस चिकट झालेत आणि कधीपासून एकदा नीट, दार लावून, सावकाश आंघोळ करावीशी वाटतेय. एरवी ती बाळ झोपायची वाट बघत बसली असती. आज ती ओट्याशी जाऊन उभी राहिली. शब्द तोंडाशी येऊन जरा घुटमळले.

"आई, हिला जरा घेता का? मला आंघोळ करायची आहे."

सासूबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"थांब गं जरा," त्या म्हणाल्या, "हात ओले आहेत माझे."

आणि ती थांबली. बाळाला खांद्यावर घेऊन, भिंतीला टेकून, सासूबाईंचे हात कोरडे होईपर्यंत.